तक्त्यावरचा सतरावा शब्द

हसा तुम्ही, हसायला काय जातं तुमचं, पण तुम्हाला सांगतो, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो जो तक्ता लावलाय ना, बांध आणि पाटाच्या जुन्या शब्दांचा, त्याच्यावर सतरा शब्द आहेत, त्यातले सोळा बराबर आहेत आणि एक खोटा, आणि तो खोटा मी सांगितलाय. मी, रखमाजीनं. दुसरीतून शाळा सुटली माझी, तक्ता काही धड वाचता येत न्हाई, पण तो एक शब्द लांबून ओळखू येतो मला. येणारच. तिच्या पेटीवर तोच तर लिहिलेला होता, लग्नातल्या पत्र्याच्या पेटीवर, लाल रंगात...

पण ते मंग सांगतो. आधी मॅडम.

मागच्या पौषात आल्ती. शिवकन्या नाव, गळ्यात पिशवी, पिशवीत वही. "बाबा, जुनी माणसं जातायत आणि त्यांच्याबरोबर शब्दही जातायत. आम्ही गोळा करून ठेवतोय." मी म्हणलं, बाई, शब्द म्हणजे काय ढेकूळ आहे, उचललं आणि पिशवीत ठेवलं? तर तिनं हेही लिहून घेतलं. माझं पोरगं धर्मराज बाजूलाच उभं. "मॅडम, आता सगळं नळीतून चाललंय, ठिबक आलंय, कशाला वही खराब करता?" मी म्हणलं, तू गप. तुझ्या नळीला पाणी माझ्या विहिरीचं लागतं.

आणि नेलं तिला वावरात. आता वावरात मला कोण अडवणार? दोन वावरांच्या मधला बांध, तो धुरा, लिहा. उताराला आडवी माती घातली, वाहतं पाणी थांबावं म्हणून, ती ताल. जास्तीचं पाणी ताल न फोडता निघावं म्हणून कडेला दगड रचून ठेवतात, तो सांडवा. सांडवा न ठेवता ताल घालणारा, त्याला काय म्हणतात तेही सांगितलं, ते तिनं लिहिलं न्हाई. विहिरीपासून पाण्याचा पाट निघतो तो दंड. त्याच्या अंगाला वाफे. दंडाची कड फोडून वाफ्यात पाणी घ्यायचं, ते दारं. मी सांगून राह्यलो, ती लिहून राह्यली, तेवढ्यात शेजारचा भिवा आला, "तात्या, सगळं आजच सांगता का, उद्याला ठेवा काही." मला तर असं वाटायला लागलं की दुसरीतून सुटलेली शाळा आता माझ्यापुढं खाली बसलीय.

सोळा झाले. आणि मंग तिनं पेन वर धरलं. "बाबा, आणि दंडातलं पाणी पुढं जाऊ नये म्हणून आड लावतात, त्याला तुमच्याकडं काय म्हणतात?"

आता काय सांगू तुम्हाला. लोक काय करतात, फावड्यानं चिखल ओढतात, लावतात, तो वाहून जातो, पुन्हा ओढतात. आमच्या घरी तसं नव्हतं. आमच्या घरी धर्माच्या मायनं जुन्या लुगड्याच्या फडक्यात गवत आणि चिखल भरून, वर गाठ मारून, उशीएवढं एक गाठोडं केलेलं. दंडात ठेवलं की पाणी गपचूप वाफ्यात वळायचं. वाफा भरला की उचलून पुढच्या दाऱ्याशी. फडकं विरलं की दुसरं फडकं. तीस वर्षं. आणि त्याला तिचा एक शब्द होता.

होता. रोज म्हणायची. मी ऐकला असेल, हजार वेळा ऐकला असेल, पण तुम्हीच सांगा, मी कुठं उभा असायचो? विहिरीवर, इंजिनापाशी. काम वाटलेलं होतं, इंजिन बाप्याचं, दारं बाईचं. ती तिकडं गव्हात, पौषातल्या सकाळी, घोट्याएवढ्या पाण्यात. तिकडून म्हणायची, "आवं, वाफा भरला." मी म्हणायचो, हा. "आवं, माझं ते... कुठं ठिवलं, बघितलं का?" मी म्हणायचो, हा. तीस वर्षं हा म्हणलं मी. हा म्हणणाऱ्याच्या कानात काय राहतं?

दोन वर्षं झाली तिला जाऊन. छातीत कफ भरला, जालन्याला नेलं, आठ दिवसांत संपलं. दवाखान्यातल्या माणसानं विचारलं, पेशंटचं नाव? मी धर्माकडं बघितलं, धर्मानं सांगितलं. आमच्या पिढीत बायकोचं नाव घेत न्हाईत. अगं, ऐकलं का, धर्माची माय... झालं. लग्नात पोरींनी नाव घ्यायला लावलं तर मी भरल्या ताटावरून उठलो होतो. सासरा समजूत घालायला आला. मी म्हणलं, जेवण नको, पण नाव न्हाई.

तर मॅडमचं पेन वर. धर्मा बघून राह्यला, भिवा बघून राह्यला. सोळा सांगितल्यावर रखमाजीनं आता येत न्हाई म्हणायचं? भिवापुढं? तोंड उघडलं मी. आणि तोंडातून निघालं, "साळू."

साळू नाव होतं तिचं. साळूबाई.

धर्मानं खाली बघितलं. भिवाच्या तोंडातला विडा थांबला. मॅडम म्हणाली, "साळू. किती छान शब्द आहे. ती साळू ना?" मी म्हणलं, बिलकुल. ती.

मंग झोप कुठली. हसनाबाद गाठलं. तिची बहीण चतुराबाई तिथं दिलेली. म्हणलं, ती त्या गाठोड्याला काय म्हणायची? चतुराबाई सूप बाजूला ठेवून बघतच राह्यली माझ्याकडं. "दाजी, आमचं सगळं माहेर कोरडं. पाणी भरायला ती तुमच्याकडं येऊन शिकली. वावरात तुमी दोघंच. आन् मलाच विचारता व्हय?" चहा केला तिनं. कप पुढं केला आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

घरी येऊन गोठा उपसला. सापडलं. वळचणीला, वाळून दगड झालेलं, हिरव्या लुगड्याचा काठ अजून दिसत होता, आणि चिखलात बोटं उमटलेली, तिची. घेऊन बसलो मांडीवर. म्हणलं आता येईल शब्द... शब्द म्हणजे काय ढेकूळ आहे? ढेकूळ होतं हातात. शब्द आला न्हाई.

तवा ठरवलं, खरं सांगून टाकायचं. नवीन जालन्याला मॅडमच्या ऑफिसात गेलो, म्हणलं बाई, तो सतरावा खोडा, चुकला. ती म्हणाली, "नाही बाबा, आम्ही तपासलाय. आणखी चार गावांत विचारलं. सगळे म्हणाले, हो मॅडम, आमच्याकडं पण साळूच म्हणतात, आजोबापासून." ऐकलं? चार गावं. साहेबापुढं येत न्हाई म्हणायची लाज एकट्या रखमाजीलाच न्हाई, हे तेवढं कळलं. तक्ता छापून तयार होता. बसलो, पाणी पिलो, बदनापूरची गाडी धरून परत आलो.

आणि तक्ता भिंतीवर लागल्यापासून काय झालंय, सांगतो. ज्यांच्याकडं ठिबक न्हाई ते अजून दंडानंच भिजवतात. काल भिवा त्याच्या बायकोला वावरातून ओरडत होता, पुष्पे, साळू लाव, पाणी चाललं. पोरं म्हणतात, साळू मोडली, साळू वाहून गेली, दुसरी साळू कर. मी धुऱ्यावर बसलेला असतो.

तीस वर्षं एकदा नावानं हाक मारली न्हाई मी तिला. आता सगळा शिवार मारतो, दिवसभर. आणि हा म्हणायला कुणी न्हाई, म्हणून मीच म्हणतो... हा.