शिडाची खळ म्या धुवून काढली

माहं नाव शेवंता. तलमडुगुच्या अंगाले आमचं गाव, सारा कापूस अन् जवारीचा मुलूख, उनाळ्यात प्याच्या पान्याची मारामार तं होडी कुठून दिसणार. आन् म्या सारी उमर होड्यायची शिडं शिवली, काय सांगू तुमाले, गावातल्या लोकायले आजबी थट्टाच वाटते. बाप दुसऱ्याच्या वावरात कामाले जाये, माय कापूस वेचणाऱ्या बायायच्या ओट्या शिवे, त्या कमरेले बांधाच्या, ठेसून ठेसून कापूस भरला तरी उसवू नाई अशा. तिच्यापाशी म्या शिकली. लहानपणापासून माही शिवण सरळ, इतकी सरळ का माय म्हणे, हे पोरगी काय ओळंबा घेऊन बसते काय.

लग्न झालं आन् मी हैदराबादले गेली. आमचे हे तलावाकाठच्या होड्यायच्या क्लबात चौकीदार होते. साहेबलोकायच्या होड्या, काही नुसत्या फिराच्या, काही शर्यतीच्या, आन् त्याईची शिडं शिवाले अन् दुरुस्त कराले एक शेड होतं, तिथी अन्वरचाचा बसत. म्हातारा माणूस, तिथलाच, तोंडानं कडक. एक खेप एक शीड टराटरा फाटून आलं, चाचाचा हात दुखत होता, आमच्या यायनं म्हटलं आमच्या घरची शिवते. म्या शिवून देलं. चाचानं चष्मा लावून शिवण पाह्यली, उलटून पाह्यली, आन् म्हणले हौ, इसको बैठने दो. तवापासून मी शेडात.

पण चाचाचा कायदा होता. शिवाचं म्या, कातराचं त्याईनं. तुमाले वाटल शीड म्हणजे सपाट कापड, बांधलं का झालं. नाई बाप्पा. शिडाले पोट लागते, आन् ते पोट पुढच्या कडेकडं पाह्यजे, मागं सरकलं का होडी रखडते. ते पोट कातरण्यातून येते. पट्टे जरासे वाकडे कातराचे आन् सरळ जोडाचे, मंग आपोआप पोट धरते. म्या तीन वर्षं पाहून पाहून शिकून घेतलं होतं, पण कात्री मागाची सोय नव्हती. मले लय वाटे, एक शीड आपल्या हातानं कातरावं. रागबी ये कधीकधी. मी काय कमी हाव काय?

मंग ते साल आलं. मेजरसाब म्हणून होते क्लबात, शर्यतीले त्याईची होडी. त्याईनं बाहेरदेशाचं कापड मागवलं, ते याले महिने लागले. चाचानं कातरलं आन् शिवाले मले देलं. तितक्यात गावावरून निरोप, माय आजारी. शर्यतीले तं बाराच दिवस. म्या म्हटलं घेऊन जातो संगं, शिवून आणतो. चाचा कुरकुरले, पण देलं. मेजरसाबचं जुनं शीडबी नमुना म्हणून देलं, ते टाकूनच द्याचं होतं.

माय खाटेवर होती, ताप उतरला होता पण अंगात जीव नाई. म्या विहारातल्या मोठ्या फरशीवर पट्टे पसरले. आन् पाह्यतो तं कापड काय कडक, हात लावला का कडकड वाजे. आता मी तिथी वापरून मऊ झालेली नाईतं फिराच्या होड्यायची मऊ शिडंच शिवली होती, असलं कडक कोरं कापड हातात पयल्यांदाच. म्या म्हटलं ही तं गिरणीची खळ हाये. आमच्यात कोऱ्या कापडाले आंदी पानी दाखवतात, नाईतं मंग आटते आन् गिऱ्हाईक घरावर येते. इथी आपण जाणकार, चाचाले काय ठाव! दोन बाया संगं घेतल्या, नाल्यावर नेलं, सोड्यात भिजवलं आन् मोगरीनं असं बडवलं, असं बडवलं का खळीचा कण ठेवला नाई. वाळवलं, शिवलं. शिवण तं अशी आली का मी सोताच खूश.

विहारामागं, आमच्या दारासमोरच, दोन लिंब हायेत, त्याईच्या मधात दोर बांधून म्या दोनी शिडं लटकवली. मिरगाचा वारा सुटला होता. काय सांगू तुमाले, माहं नवं शीड धोतरावानी फडफडे, पोटच धरे ना, जिकडं वारा तिकडं लोळे. आन् ते टाकलेलं जुनं त्याच्यापेक्षा बरं उभं होतं. तवा डोक्यात उजेड पडला, का ती खळ नव्हती, तो कडकपणाच त्या कापडाचा जीव होता, त्याच्यानंच ते ताणत नाई. म्या धुवून बडवून मारून टाकलं. मी तिथीच बसली आन् रडली. माय म्हणे काऊन रडून राह्यली वं? म्या म्हटलं माय, माहं काम गेलं आन् मेजरसाबची शर्यत गेली. माय म्हणे कापड मेलं, तू तं नाई मेली. ऊठ.

मी उठली. जुन्या शिडाकडं पाह्यत बसली, अर्धा दिवस नुसती पाह्यत बसली. पोट मागं सरकलं होतं. काऊन? तं पुढच्या कडेचा दोर आटला होता, त्यानं कापडाले चुण्या पडल्या होत्या, आन् मागची कड ताणून ढिली झाली होती. कोनाले न विचारता म्या मायची ओट्यायची कात्री घेतली. हे बी बिघडलं असतं तं मेजरसाबजवळ एकबी शीड राह्यलं नसतं. दोर उसवला, ढिला करून बसवला. मागच्या शिवणी उसवल्या, कड कातरली, हरेक शिवण जराजराशी आत घेतली. लटकवाचं, पाह्याचं, पुन्हा उसवाचं. चार दिवस. पाचव्या दिशी वारा आला आन् शिडानं पुढं असं पोट काढलं का मायनं खाटेवरून पाह्यलं आन् हासली.

हैदराबादले गेली. चाचाले सारं सांगितलं. चाचा डोक्याले हात लावून बसले, मंग हळूच म्हणले, बोल देंगे माल खराब आया. म्या म्हटलं नाई चाचा, माल चांगला होता, खराब म्या केला. मेजरसाबले तोंडावर सांगितलं. त्याईचं तोंड लालबुंद. म्हणे मंग मी काय चादर बांधू काय? म्या जुनं शीड पुढं केलं, म्हटलं हे बांधा. नाई चाललं तं मी उद्यापासून येत नाई.

शर्यतीच्या दिशी वारा कमी, होड्यायतले सारे शिडाकडं मान वर करून बसलेले. मेजरसाबची होडी दुसरी आली. आन् पयली आली तिचं शीड कोरं होतं, हे बी सांगतो. मेजरसाब उतरले, घामानं ओलेचिंब. चाचाले म्हणले, पुढचं शीड ही बाई कातरल. चाचानं आपल्या बापाची कात्री माह्यापुढं सरकवली, आन् तोंड दुसरीकडं केलं. त्याईले वाईट वाटलं होतं. मलेबी वाटलं. पण म्या कात्री घेतली.

मंग लय वर्षं म्याच कातरलं. शर्यतीले कडक आन् हलकं कापड घ्या, फिराले जाड आन् मऊ, सोपं पडते गुंडाळाले. उनात टाकू नका, उगाच फडफडू देऊ नका. हे साहेबलोकायले म्याच शिकवलं, आन् ते आयकत. ते धुतलेलं शीड फिराच्या होडीले लावलं, मजेत चाललं. आता आमच्या यायची नोकरी सरली, माहे डोळे गेले, आमी गावात आलो. मायबी गेली. ज्या होड्या चालत असतील त्या चालोत, त्याईले चांगला वारा लागो. माह्या हातची शिडं एक दिवस फाटतील, पण शिवणीवर नाई फाटणार, कापडातून फाटतील. हे लेहून घ्या तुमी.