दादाचा आवाज

वहिनी : 'हो' मीच दाबलं, भावजी. दर आठवड्याला कॉम्प्युटर विचारतो, नवीन आवृत्ती घालू का? मी दाबते. आजही दाबलं.

दीर : तुमची काही चूक नाही, वहिनी.

वहिनी : मग हे गप्प का? सकाळपासून टाइप करताहेत आणि कॉम्प्युटर तोंडातून अक्षर काढत नाही.

दीर : दादाचा आवाज काढणारा प्रोग्राम एका जुन्या लायब्ररीवर चालतो. सकाळी तिच्या जागी नवी आली. दोघांचं जमत नाही.

वहिनी : लायब्ररी? पुस्तकांची?

दीर : नाही हो. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं तयार काम. प्रत्येक प्रोग्राम त्यातलं वापरतो.

वहिनी : मग जुनी आणा परत.

दीर : आणायला गेलो तर म्हणतं, आधी तीनशे बारा गोष्टी काढाव्या लागतील. मग अख्खं मशीनच बसेल.

वहिनी : काढू नका बाई!

दीर : नाही काढल्या. जुनी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. तर तिला आणखी जुनी एक लागते. ती शोधली. तिला तिसरी लागते.

वहिनी : शोधा की तिसरी.

दीर : कुठेच नाही. ज्या सर्व्हरवर होती, तो बंद पडलाय. बनवणाऱ्याला मेल केला, तो परत आला.

वहिनी : ऑपरेशनमध्ये आवाज जाणार, म्हणून तो साठवायला आधी अकरा दिवस वाक्यं वाचत होते हो. घसा सोलवटून निघाला, तरी वाचत होते.

दीर : आवाजाची फाइल शाबूत आहे. पण ती त्या एकाच प्रोग्रामला उघडता येते.

वहिनी : आणि ते मूळ रेकॉर्डिंग?

दीर : ...जागा पुरेना, म्हणून मी पुसलं, वहिनी. म्हटलं, आता काय लागतंय.

वहिनी : पुसलंत?

(आतल्या खोलीतून, बातम्या वाचल्यासारखा परका आवाज : "ठमे, त्याला बोलू नकोस.")

वहिनी : कोण ते?

दीर : दादाच. सिस्टीमबरोबर येतो तो आवाज. तेवढाच चालतोय.

वहिनी : मला ठमे म्हणतोय! बंद करा तो. आत्ताच्या आत्ता.

दीर : मग दादा बोलणार कसा?

वहिनी : लिहू देत. मी शेजारी बसून वाचेन. वाचताना मला अजून त्यांचाच आवाज ऐकू येतो.