पहिली कुदळ

दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक सासरे आणि त्यांची सरपंच सून नंबरची वाट बघत बसले होते.

"आबा, सभेनं विहीर वरच्या आळीला दिली म्हणून रुसलात ना?"

"तिथे आपल्याच सुनेनं आपल्याविरुद्ध हात वर केला. रुसून जाऊ कुठे?"

"तिकडच्या बाया फार लांबून पाणी आणतात हो. उद्या खोदायला याल ना?"

"माझ्याशिवाय सुरू कसं होईल? मतपेट्या आल्या नव्हत्या तेव्हापासूनची रीत आहे. सभेत ज्याचं म्हणणं हरलं, पहिली कुदळ त्याची. मग ते काम सगळ्या गावाचं होतं."

"या कंबरेनं कुदळ?"

"म्हणून तर सुई टोचून घ्यायला आलोय."

"राहू द्या. तुमच्याऐवजी मी मारते."

"तू कशी मारशील, वेडाबाई? तू तर जिंकलीस!"