सापाच्या तोंडातली बाई आणि 'सुधारित आवृत्ती'

आजच्या निवृत्ती-निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष दिनकरराव, व्यासपीठावर विराजमान असलेले आमच्या शाळेचे जुने हितचिंतक आणि सेलूच्या छापखान्याचे मालक लिंगराजअप्पा, सत्कारमूर्ती रुख्मिणीबाई, माझे सहकारी शिक्षक, पालक, माता-भगिनी आणि मघापासून पेढ्यांच्या खोक्याकडे बघत बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी किशनराव, बाईंच्या शेजारच्या वर्गाचा मास्तर. मधली भिंत पातळ. त्यामुळे बाईंनी शिकवलेलं निम्मं माझ्या वर्गालाही आलं आणि माझं ओरडणं बाईंच्या वर्गाला फुकट मिळालं. बाईंबद्दल चार गोड शब्द बोलावेत असं मला सांगण्यात आलं आहे. गोड बोलणारे बरेच आहेत, नंतर बोलतील. मी एका खेळाबद्दल बोलणार आहे.

नामांतराच्या पहिल्या दंगलीचं साल आपल्याला आठवत असेल. शाळा उघडली तेव्हा पोरं दोन बाजूंना बसायला लागली होती. कोणी शिकवलं त्यांना? आपणच, दुसरं कोण! बाईंनी त्यावर भाषण दिलं नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर ओसरीवर सापशिडीचा पट पसरला आणि एक नियम केला: दोन गल्ल्यांतली दोन-दोन पोरं असल्याशिवाय फासा मिळणार नाही. पोरं आधी तोंडं फिरवून बसली. पण हातात फासा आल्यावर किती वेळ तोंड फिरवून बसणार? महिन्याभरात एकमेकांच्या अंगावर पडून भांडायला लागली. बाई मला म्हणाल्या, "मास्तर, भांडायलेत म्हणजे बोलायलेत."

तो पट फाटला. तेव्हा बाईंनीच अप्पांना गळ घातली की नागपंचमीला तुम्ही सापशिडी छापा. अप्पांनी मनावर घेतलं. आश्रुबा सुतारांनी सागवानी ठसा कोरला. अप्पांच्या घरच्या एका जुन्या पटावरून चित्रं, खालच्या शब्दांसकट, जशीच्या तशी उतरवली. आकडे मात्र छापखान्यातल्या शिशाच्या सुट्या खिळ्यांनी जुळवले. पंचमीच्या आधी सेलूच्या बाजारात पट आले आणि शाळेला अप्पांनी ते तसेच दिले, एक पैसा न घेता. अप्पा दिलदार आहेत, हे मी मनापासून सांगतो. पुढचंही मनापासूनच सांगणार आहे.

पटात दोन चुका होत्या. चौसष्ट हा आकडा दोनदा पडला होता आणि पासष्ट नव्हताच. पोरांनी त्यावर तोडगा काढला, पहिलं चौसष्ट आणि दुसरं चौसष्ट. दुसरी चूक सर्वांत मोठ्या नागाच्या तोंडाशी होती. त्या घरात हातात खराटा घेतलेली एक बाई होती आणि खाली शब्द होते 'नीच संगत'.

आपल्या गावात खराटा कोणाच्या हातात असतो? बायनाबाईंच्या. त्या पहाटे बाजारगल्ली झाडतात म्हणून तुम्ही-आम्ही धोतर न उचलता चालतो. त्यांची शेवंता बाईंच्या वर्गात, चौथीत होती. शनिवारी एकाची सोंगटी त्या घरात पडली आणि तो ओरडला, "शेवंते, तुज्या आईनं खाल्लं मला!" सगळे हसले. दोन्ही गल्ल्यांतले हसले, हे लक्षात घ्या. सोमवारी शेवंता शाळेत आली नाही.

बाई तिच्या घरी गेल्या. मी सोबत होतो. बायनाबाई म्हणाल्या, "बाई, झाडायची लाज न्हाई मला. पर सापाच्या तोंडात मलाच कामून घालायलेत?" शेवंता पुढं शाळेत आली, पण पटावर बसली नाही. आजतागायत बसलेली नाही.

बाईंनी अप्पांना दोन्ही चुका एकदमच सांगितल्या. अप्पांनी जीभ चावली, "पुढच्या छपाईत दुरुस्त करतो" म्हणाले. गेल्या पंचमीला नवे पट आले. वर लाल अक्षरात 'सुधारित आवृत्ती'. चौसष्टनंतर पासष्ट ऐटीत उभं होतं. आणि खराटावाली बाई? नागाच्या तोंडात, होती तिथंच.

बाईंना मी इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. पट गुंडाळून त्या तडक सेलूच्या गाडीत बसल्या. अप्पांनी हात जोडले, "आकडा खिळ्याचा हाय, बाई, चिमट्यानं निघतो. चित्र लाकडात हाय. आन् श्रावण लागला. नागाच्या ठशाला आता छिन्नी कशी लावू?"

बाई म्हणाल्या, "नागाला नका हात लावू, अप्पा. बाईला बाहेर काढा."

"एकाच लाकडात हायत दोघं. छिन्नी घसरली तर? पुढच्या साली बघू."

सभ्य गृहस्थहो, पंचमीला आपल्याकडे कोणी भाजीसुद्धा चिरत नाही. अप्पांच्या श्रद्धेला मी हसणार नाही. पण विचारतो, ज्या पटावर पाणपोई घालणाऱ्या शेठजीच्या पायाखाली 'सेवा' नावाची शिडी आहे, त्याच पटावर गाव झाडणारी सापाच्या तोंडात का? आकडा चुकला तर चूक आणि माणूस चुकीच्या जागी ठेवला तर रीत, हा कुठला हिशोब?

यंदाची छपाई आता व्हायची आहे. अजून आषाढ चालू आहे, अप्पा. श्रावण लागायला अवकाश आहे. आश्रुबा त्या खांबाशी बसलेत. मी त्यांना काल विचारलं. ते म्हणाले, "मालकानं हो म्हनावं, एका बैठकीत काढतो. पर नागाच्या तोंडापुढं पांढरं घर दिसंल." दिसू द्या की! रिकाम्या घरावरूनही पोरं खाली येतीलच.

शाल-नारळाबरोबर काय देऊ असं आम्ही बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ती बाई बाहेर काढलेला पट द्या." तो अजून आमच्याकडे नाही. म्हणून शाळेतल्या आम्ही सर्वांनी ठरवलं आहे की बाई गेल्या तरी शनिवार चालू राहील. ते घर कोरं असलेलाच पट येईल, नाहीतर आम्ही ओसरीवर खडूनं आखू. सापाच्या तोंडात माणूस असलेला पट या शाळेच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राहिला नसेल, शब्द तिखट गेला असेल, तर लहान समजून पदरात घ्या. विषय काढला याची मात्र माफी मागत नाही.

यानंतर बोलणार आहेत लिंगराजअप्पा. अप्पा, हा माईक घ्या. माझ्याकडे बघू नका, बाईंकडेही बघू नका. पहिल्या रांगेत, या खुर्चीवर, बायनाबाई बसल्या आहेत. त्यांच्याकडे बघून सांगा.