सकाळचं काळं बटण

हॅलो?… हॅलो?… कोण?… जरा मोठ्याने बोल. तुझं लग्न झालं त्या वर्षी तुझ्या बाबांनी हा फोन बसवून घेतला, तेव्हापासून त्याचा आवाज असाच बसलेला आहे.

हां, आता येतंय… मी काकूच बोलतेय… अगं, रडतेस कशाला? आधी ऐक. तुझी आई बरी आहे. ऐकलंस ना? बरी आहे. माझ्यासमोर पलंगावर पडलीय, पायाखाली दोन उशा, आणि घोरतेय. थांब, फोन तिच्याकडे धरते…

आलं ऐकू?… मग? काळजी करण्यासारखं माणूस असं घोरतं का कुठे.

कोण म्हणालं उचलून नेली?… इस्त्रीवाला? खालचा?… तरीच. अगं, उचलून-बिचलून काही नाही. त्याच्या दंडाला धरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेली. त्याच्या बाहीचं एक बटण लोंबत होतं ते बोटांना लागलं, तर वाटेत दोनदा त्याला म्हणाली की परत येताना शर्ट वर ठेवून जा. आता बोल.

हो, हो… चक्कर आली होती ते खरं. सकाळी गोळी घेऊन तासाभराने पेला विसळायला उठली आणि नळापाशीच खाली बसली. पडली नाही, बसली. पेला घरंगळल्याचा आवाज आला म्हणून मी स्वयंपाकघरातून धावले, तर ही भिंतीला टेकलेली, ओठ पांढरे. आधी तिथंच आडवं केलं, पाय वर घेतले, मग खिडकीतून इस्त्रीवाल्याला हाक मारली.

बीपी उतरलं होतं… हो, उतरलं, चढलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, दुपारपर्यंत डोळ्यासमोर ठेवली, सारखं मोजत होत्या. नीट वर आल्यावरच घरी सोडलं. हात-पाय धड आहेत, डोक्याला लागलेलं नाही. बाईंनी स्वतः दाबून पाहिलं सगळीकडे.

आत्ता नको येऊस. जावईबापूंना सांग, गाडी काढू नका. उद्या उजेडी या, जेवायलाच या… अगं ऐक ना. ती उठेल तेव्हा मीच लावून देते फोन.

कशाने झालं म्हणजे? गोळीनेच झालं… नाही, विसरली नाही. उलट जवळजवळ लागोपाठ दोन झाल्या… सांगते. पण मध्ये बोलू नकोस, माझा दोरा तुटतो.

तू ती डबी पाठवली होतीस ना, वारांची झाकणं असलेली… छान आहे गं डबी. सुया ठेवतो आम्ही तिच्यात. रागावू नकोस. तिची झाकणं तुझ्या आईच्या बोटांनी उघडत नाहीत, आणि एकदा उघडली तर आठवडाभराच्या गोळ्या फरशीवर. मोतीबिंदू पिकलाय तिचा, तुला माहीत आहे. दिसत काही नाही, सगळं चाचपून चालतं. माझं म्हणशील तर तू मला अक्षरं शिकवलीस, उपकार आहेत तुझे, दुकानांच्या पाट्या मी आता भरभर वाचते. पण गोळीच्या पाकिटावरची अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. भिंगातून पाहिलं तर मोठ्या मुंग्या.

मग आम्ही आमच्या पद्धतीने केलं. दोघींचा जन्म काजं-बटणं करण्यात गेला. तिने काज करायचं, मी बटण लावायचं, गावातल्या निम्म्या शिंप्यांचे कपडे आमच्या हातून गेले. तर जाड कापडाची एकेक पिशवी शिवली. दोन खिसे, एक सकाळचा, एक रात्रीचा. तिच्या पिशवीला सकाळच्या खिशावर मोठं काळं बटण, कोटाचं. रात्रीच्या खिशावर बारीक पांढरं, शर्टाचं. अंधारातही बोट लावलं की कळतं. गोळी पाकिटातून काढायची नाही, चंदेरी कागदासकट कात्रीने कापून ठेवायची. तिची पिशवी मी भरायची आणि माझी तिने…

का म्हणजे? स्वतःची गोळी माणूस विसरतं. दुसरीने घेतली नाही तर चार शब्द सुनावता येतात, ते कोण विसरेल?

रात्री तिने शेवटची गोळी घेतली की मी जाऊन रिकामे खिसे बघायचे आणि उद्याचं भरायचं. सकाळी बीपीची, रात्री कोलेस्टेरॉलची. सगळं सुरळीत चाललं होतं. बाईसुद्धा म्हणाल्या होत्या, चालू द्या.

आणि मग गेल्या आठवड्यात पिशवी भरायला घेतली, तर काळं बटण गायब. दोन्ही खिशांवर पांढरी. सारखी. जोडीची… हो, तुझ्या आईनेच. माझा दोरा उसवून, स्वतःच्या हाताने. नजर नाही, पण टाका बघ, एकावर एक.

मला जे लागलं ना, काय सांगू. आयुष्यभर हिने माझी बटणं उसवली. हे सैल आहे, हे वाकडं आहे, हे परत लाव. आता दोघी म्हाताऱ्या झालो, तरी गोळ्यांच्या पिशवीतही माझं काम हिच्या नजरेत भरत नाही. मला वाटलं, बटणं वेगवेगळी आहेत ते हिला खुपलं. एका कपड्याला दोन तऱ्हेची बटणं ही तिच्या दृष्टीने चोरीच की. मी पिशवी खिळ्याला अडकवली आणि तोंड फिरवलं.

अबोला. दुसरं काय… हसतेस? हस. आम्ही सुना म्हणून या घरात आलो तेव्हापासूनची सवय आहे.

भरणं मी सोडलं नाही हं. पण रात्री तिच्या खोलीत जाणं सोडलं. पहाटे ती झोपेत असताना हळूच जायचं, दोन्ही खिसे रिकामे दिसले की भरायचं आणि परत यायचं. रिकामे म्हणजे घेतल्या, असा माझा हिशेब. आणि तिनेही अबोल्यात माझी थायरॉइडची एकदाही चुकवली नाही. मान वळवून भरायची, पण भरायची.

आता काय झालं ते कळलं का तुला?… बरोबर. बटणं सारखी, मग सकाळचा खिसा कोणता? काल सकाळी तिने कोलेस्टेरॉलची घेतली आणि बीपीची रात्री. आज पहाटे मी पुन्हा भरलं. आज सकाळी हात पडला नेमका बीपीच्या खिशावर. रात्रीची पोटात जिरली नाही तोवर सकाळची. बाईंनी ऐकलं आणि लगेच म्हणाल्या, हेच कारण.

नाही गं… तिने नाही विचारलं. कशी विचारेल? बोलत नव्हतो ना. चार पावलांवर मी, आणि ती पिशवी हातात घेऊन दोन बटणं चाचपत बसलेली. मी दारातून पाहिलंही होतं तिला तसं बसलेलं, परवा. मला वाटलं, स्वतःच्या टाक्याचं कौतुक चाललंय.

हो… माझंही चुकलंच. तिचंही. बाईंनी दोघींना समोरासमोर बसवून सांगितलं. घेतली की नाही असं वाटलं तर दुसरी घ्यायची नाही, आधी विचारायचं. सकाळची पिशवी आता नळापाशी, रात्रीची उशाशी. एका पिशवीत दोन वेळा नकोत. आणि सगळी पाकिटं तपासताना त्यांना दुखण्याची एक गोळी सापडली, गुडघ्यासाठी मागे कधीतरी दिलेली. ती तुझी आई अजून मधूनमधून घेत होती, तीही बंद केली. एक गोळी कमी झाली म्हणून आमच्या जाऊबाई इतक्या खूश की सलाइनची सुई विसरल्या.

शिवाय आमचं आमचं एक ठरलं. रिक्षात… परत येताना रिक्षाने आलो, इस्त्रीवाल्याने करून दिली. तर रिक्षात ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, भांडण कितीही होऊ दे, दोन शब्द अबोल्यात धरायचे नाहीत. मी म्हणायचं "सकाळची?" आणि तिने म्हणायचं "घेतली." तसंच रात्री. तेवढं बोलून झालं की पुन्हा तोंड फिरवायला मोकळ्या… अगं, हसू नकोस, तिने गंभीरपणे सांगितलं. मीही कबूल केलं.

थांब, हालचाल झाली… जाऊबाई? जाग्या आहात?… हो, लेक आहे तुमची… नाही, रडत नाहीये, हसतेय… पाणी हवं?… बरं, पडा.

कूस बदलली फक्त. काय म्हणत होते… हां, बटण.

ते तर सांगायचंच राहिलं. घरी आल्यावर मी पिशवी मधोमध कापून तिच्या दोन केल्या आणि म्हटलं, सकाळच्या पिशवीला वेगळं बटण लावते, डब्यात ढीगभर आहेत. तर म्हणाली, डब्यातलं नको. उठून बसली, चष्म्याची डबी उघडली. चष्मा कधीच वापरत नाही, डबी मात्र उशाखाली. त्यातून तेच काळं बटण काढलं. म्हणाली, दोरा विरला होता, लोंबायला लागलं होतं. मी म्हटलं, मग मला सांगायचं, मी घट्ट केलं असतं. तर हात पुढे करून माझ्या तळव्यावर ठेवलं आणि म्हणाली, "हे त्यांच्या कोटाचं आहे. पडून हरवलं असतं तर मी काय केलं असतं?"

मला काय माहीत गं. बटणांच्या डब्यात हात घातला, मोठं दिसलं, लावलं. तिने पहिल्याच दिवशी बोटांनी ओळखलं होतं. बोलली नाही. इतके महिने रोज सकाळी तेच बटण काढून गोळी घेत होती. मग सैल झालं तसं काढून जपून ठेवलं, आणि एक काढल्यावर दुसऱ्याशी जुळणारं लावायचं, हे तर हातच करून मोकळे होतात.

हो… त्याच कोटाचं. तुझ्या लग्नात बाबांनी घातला होता तो काळा… आहे गं, पेटीत आहे. तीन बटणांचा होता, दोन अजून आहेत त्याला.

मग दोरा मी ओवला आणि बटण तिने लावलं. दुहेरी दोऱ्याने, खाली गुंडाळी घालून, कोटाला लावतात तसं. मी ओढून पाहिलं. म्हणाली, आणखी ओढ. नाही निघत.

आता एकच काम तुझ्याकडे. उद्या येशील तेव्हा मोठ्या अक्षरांत लिहून दे, कोणती कधी, कोळशासारख्या काळ्या शाईने, मला वाचता येईल असं. भिंतीला लावते. बोटं आहेत, पण अक्षरंही असू देत जोडीला.

थांब… जाऊबाई, रात्रीची?… घेतली म्हणते. तुझा फोन यायच्या आधीच. उशाशी हात घालून बघते… रिकामी आहे. खरंच घेतली.

रडू नकोस आता, बरं वाटतंय ना ऐकून?… मलाही. सकाळपासून आत्ता कुठे पाय मोकळे सोडून बसलेय.

हो, मीही तेच म्हणत होते मनात. तुझ्या बाबांना असं रोज कुणी विचारलं नाही. बरं वाटत होतं म्हणून त्यांनी स्वतःच बंद केली होती बीपीची, आणि आम्हाला दोघींना नंतर त्यांच्या खणात भरलेली पाकिटं सापडली. तुझं लग्न झालं त्याच वर्षी, थंडी सुरू होता होता, तुझे बाबा गेले. सकाळची वेळ होती.

ठेवते, बाळ. या उद्या.