वजन दोघांचं

मिस्त्री: ते काही नाही, सायकलचे गिअर बसवताना वजन एकाचं धरू की दोघांचं, एवढं नक्की करा, मास्तर. तुमच्या शिवणकामासारखं नाही हे, माप चुकलं की उसवलं आणि पुन्हा शिवलं. गिअर चुकले की घाटात कळतं.

बाबा: दोघांचं धरा.

लेक: मिस्त्रीकाका, एकाचं. बाबा एकटेच निघालेत.

मिस्त्री: घ्या! अहो, एकटे जाणार तर हे दोन सीटचं, दोन जोड पायडलांचं धूड कशाला नेता? माझ्याकडे साधी सायकल पडून आहे, ती न्या.

बाबा: हीच न्यायची. दर वर्षी हीच नेलीय.

लेक: दर वर्षी मागे आई असायची, बाबा.

बाबा: मला सांगतेस?

मिस्त्री: बरं, भांडू नका, बाकीची गिऱ्हाइकं पळतील. ही बघा मागच्या चाकाची दोन दातेरी फ्रीव्हीलं. हे तुमचं जुनं, पायांत जोर होता तोवर दोघांना चाललं, आता एकट्यालाच पुरे. आणि हे दुसरं, दोन माणसं आणि सामान घेऊन घाट चढायचा असेल तर.

लेक: बाप रे, ताटाएवढं आहे! नाकापेक्षा मोती जड.

मिस्त्री: मागचं चक्र जेवढं मोठं तेवढा चढ हलका, पोरी. पाय गरागरा फिरतात, सायकल मुंगीच्या पावलांनी जाते. पण जाते. मधेच उतरून ढकलावी लागत नाही.

बाबा: मोठंच बसवा. परवा पाण्याच्या टाकीकडे गेलो होतो, तर अर्ध्या चढावरच पाय भरून आले.

लेक: एकट्याने एवढी लांब सायकल ओढल्यावर दुसरं काय होणार?

बाबा: तसं जड नाही गं. मागे कोणीतरी बसलंय आणि पायडल मारत नाहीय, तसं जड.

लेक: बाबा…

बाबा: तुझी आई रुसली की अशीच बसायची. पाय पायडलांवर नुसते ठेवून, तोंडातून चकार शब्द नाही. मी पुढे घाम गाळतोय आणि बाईसाहेब मागे हवा खायला आल्यासारख्या. वळून न बघताच कळायचं मला.

मिस्त्री: वहिनी आणि गप्प? अहो, इथे दुकानापर्यंत ऐकू यायचं, ‘गिअर खाली घ्या, अहो, खाली घ्या!’ उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या.

बाबा: रुसलेली नसली की बोलायची. गेल्या थंडीत गेली, तेव्हापासून गप्पच आहे. मागची पायडलं फिरताना ऐकू येतात, ती ऐकू येत नाही.

लेक: ती पायडलं आपोआप फिरतात, बाबा. तुमच्या पायडलांना चेनने बांधलेली आहेत. काका, ती चेनच काढून टाका ना. फिरायला नकोत आणि यांना ऐकू यायला नकोत.

मिस्त्री: काढली तर सायकल जागची हलायची नाही. मास्तरांचा जोर सरळ चाकाला जातच नाही. तो आधी मागच्या पायडलांना जातो, आणि तिथून दुसऱ्या चेनने चाकाला. बनावटच तशी आहे.

बाबा: म्हणजे तिचे पाय फिरवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मिस्त्री: मी पायडलं म्हणालो, मास्तर.

बाबा: एकच ते.

लेक: म्हणून तिचा रुसवा काढायला घाटात निघालात?

बाबा: मोठ्या घाटाच्या माथ्यावर पोचलो की तिचा रुसवा जायचा. कधी चुकलं नाही. वरचा वारा लागला की आपणहून बोलायची, आणि मग थांबायची नाही. मिस्त्री, मला माथ्यापर्यंत पोचवतील असे गिअर द्या, बास.

मिस्त्री: देतो. मोठं फ्रीव्हील टाकतो, पुढचं, पायडलांकडचं चेनव्हीलही लहान घालतो. भिंत चढाल. आणि मागच्या हँडलवर जो ब्रेक आहे, त्याची तार गंजलीय. बदलतो.

बाबा: ती राहू द्या.

मिस्त्री: राहू द्या काय? लांब उताराला तुमच्या हातातले ब्रेक तापतात, धरत नाहीत. म्हणून तर मागच्या माणसाकडे हा वेगळा दिलाय.

बाबा: मागे कोणी नाही ना? मग दाबणार कोण? चढाचं बघा तुम्ही.

लेक: थांबा, बाबा. तुम्ही इतके दिवस चढाचंच बोलताय. पाणी कुठे भरायचं, मुक्काम कुठे, कुठल्या वळणावर कुठला गिअर. सगळं माथ्यापर्यंतचं. उताराचा एक शब्द नाही.

बाबा: उताराला काय लागतं? सायकल आपोआप जाते.

लेक: परत कधी येणार?

बाबा: मिस्त्री, ते फ्रीव्हील घ्या बसवायला.

लेक: मी विचारतेय, बाबा. परत कधी येणार?

बाबा: तेवढा विचार नाही केला.

लेक: केला नाहीत, की करायचाच नव्हता? मला भीती वाटते हो. आई गेली. आता तुमच्यासाठीही मी दाराकडे डोळे लावून बसायचं का?

मिस्त्री: बस पोरी, इथे स्टुलावर बस जरा. पाणी देऊ?

लेक: स्टुलावर नको. मागच्या सीटवर बसते. मी येणार यांच्याबरोबर. उद्याच रजा टाकते.

बाबा: तिच्या सीटला हात लावायचा नाही.

लेक: नाही लावत. आहे तशीच बसते. चला, समोरच्या चढावर एक फेरी मारू.

मिस्त्री: अजून जुनंच फ्रीव्हील आहे हं त्यावर. दोघांचं वजन, कंबरडं मोडेल.

(दोघं चढावर फेरी मारून दुकानात परत येतात.)

मिस्त्री: काय मास्तर? सांगितलं होतं ना?

बाबा: हलकी गेली.

मिस्त्री: जुन्या गिअरवर?

बाबा: वळणावर तर मागून असा जोर आला की मी हँडल घट्ट धरलं. पोरीचे पाय आईसारखे आहेत.

लेक: बाबा, मी पायडल मारलंच नाही.

बाबा: चेष्टा करू नकोस.

लेक: शपथ. आईची सीट केवढी खाली आहे. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. मी दोन्ही पाय बाजूला काढून बसले होते. खाली बघत होते सारखी. पायडलं फिरत होती.

बाबा: मग ढकललं कोणी?

मिस्त्री: माझ्याकडे बघू नका. मी गिअर बसवणारा माणूस.

लेक: काही बोलली का?

बाबा: नाही. पण रुसलेली नव्हती.

मिस्त्री: मग, मास्तर, वजन किती धरू आता?

बाबा: दोघांचंच. ती कधीच ओझं नव्हती. आणि ती सीट चार बोटं वर घ्या.

लेक: मोजलं तरी नाहीत.

बाबा: पहिल्या फ्रॉकपासून तुझी मापं घेतोय. टेप कशाला लागतेय मला?

लेक: पण आईची सीट आहे, बाबा.

बाबा: चालेल तिला. आणि मिस्त्री, त्या ब्रेकची तार नवी घाला. खाली यायचंय.