नव्या मशीनला विचारलेलं पहिलं नाव

शालूताई, आणि इथं जमलेल्या सगळ्या भावांनो, बायांनो,

मी मॅट्रिक शिकलेली घरातली बाई. आपल्या कॉम्प्युटर मंडळाचा हिशोब ठेवते, एवढाच माझा अधिकार. दिवाकरभाऊंच्या फोटोला हार घालून उभी राहिले आहे. तरी बोलते. बोलणं आज भाग आहे.

भाऊ टायपिस्ट होते. कचेरी सुटली की जरीपटका वस्तीतल्या मंडळाच्या खोलीत यायचे. आपलं ते जुनं मशीन, त्यात रक्त देणाऱ्यांची नावं. कुणाचा पेशंट दवाखान्यात अडला की शेजारच्या दौलतरावांच्या किराणा दुकानात फोन यायचा, आणि भाऊ नावं काढून द्यायचे.

मग वामन आला. त्याच कचेरीतला. कॉम्प्युटर आला की कारकुनांच्या भाकरीवर गदा, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. ती भीती अगदीच खोटी होती, असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "काहून गा दिवाकर, टायपिस्ट असून आमच्याच पोटावर पाय देऊन राहिला का?" भाऊ म्हणाले, बैस, चहा घे, हे मशीन नोकरी खात नाही, रक्त शोधते. वामननं चहाचा कप भिंतीवर फोडला. जाताना म्हणाला, पुढच्या वेळी कप नसेल.

म्हणून नावांचं काम तिथून हलवायचं ठरलं. प्रताप नगरात खोली मिळाली, तिथं दुसरं मशीन मांडलं. जायचं कसं, आधी काय न्यायचं, मागं कुणी थांबायचं, हे सगळं आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून ठरवलं. नावांच्या फ्लॉप्या मी पोथीच्या कापडात बांधल्या. भाऊ हसले. "वहिनी, आता यांची आरती पण कराल का?" मी म्हटलं, माणसं वाचवतात, मग का नाही करायची?

भाऊंची एकच अट होती. नवं मशीन नाव सांगत नाही तोवर जुनं बंद करायचं नाही. मी म्हटलं, एक संध्याकाळ बंद राहिलं तर काय बिघडलं? ते म्हणाले, "त्याच संध्याकाळी कोणाले रक्त लागलं तर?"

मी प्रताप नगरात गेले. भाऊ जरीपटक्यात थांबले. पहिली फ्लॉपी वाचलीच गेली नाही. दुसरी लावली. इकडे ती फ्लॉपी घरघरत होती, आणि तिकडे दार फुटत होतं.

वामन आणि त्याचे सोबती सळया घेऊन आले. मशीन फोडलं. मग भाऊंचे हात फोडले. टायपिस्टाचे हात, भावांनो. टेबलावर दाबून धरून फोडले. मग डोकं. भिंतीवर कपाचा डाग होता ना, त्याच भिंतीवर.

नव्या खोलीतला फोन वाजला. मला वाटलं भाऊ. दौलतराव होते. "वहिनी, दिवाकरले मारलं. लई रक्त गेलं. ओ निगेटिव्ह शोधा."

नव्या मशीनला पहिल्यांदा रक्त विचारलं, ते भाऊंसाठीच. आणि मशीननं नावं सांगितली. एक जण परगावी होता. एक कळमन्याचा, त्याचा पत्ता लागला नाही. तिसरा सुरेश. वामनचा धाकटा भाऊ.

मी निरोप पाठवला आणि दवाखाना गाठला. तो अनवाणी आला. मला म्हणाला, "वहिनी, दादाच्या शर्टावर रक्त पाहून आलो. मले काही विचारू नका. घ्या." आणि बाही वर केली.

भाऊ वाचले नाहीत. सकाळ झाली आणि गेले.

आता खरं ते बोलते. वामन कोठडीत आहे. मी देवासमोर बसून त्याचे हात झडोत म्हणून मागितलं. रोज ज्या हातांनी दिवा लावते, तेच हात जोडून मागितलं. तेव्हा तुमचा राग मला कळत नाही, असं समजू नका. पण या हॉलच्या बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेल्या सळया मी येताना पाहिल्या. सभा सुटली की कुठं जायचं ठरलं आहे, तेही ऐकलं. वामनच्या घरी. तिथं आता कोण आहे? त्याची म्हातारी आई आणि सुरेश.

दिवाकरभाऊंच्या अंगात शेवटी जे रक्त वाहत होतं, त्यातलं थोडं त्या घरचं होतं. आपण त्यांना अग्नी दिला तेव्हा तेही जळलं. आणखी काय जाळायचं आहे तुम्हाला?

नवरा गेला तो शालूताईंचा, त्यांना मी विचारूनच बोलते आहे. त्या मान हलवताहेत, पाहा.

सळया आत आणा आणि इथं, फोटोसमोर, खाली ठेवा. मौनाला मोकळ्या हातांनी उभं राहायचं असतं. आणि दाराशी छाती काढून उभे असलेल्या पोरांनो, जरा बाजूला व्हा. तुमच्या मागं पायरीवर सुरेश मघापासून उभा आहे. त्याला आत येऊ द्या.

तो आला की आपण मौन सुरू करू. तोवर मी थांबते.